कोणती आशा सोडायची? अस्तित्ववादाची पार्श्वभूमी

निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तरी रोपं पुन्हा लागली. अशा वेळी फ्रेंच लेखक कामूचा सिसिफस हमखास आठवतो: ग्रीक पुराणातला हा राजा शिक्षा म्हणून डोंगरावर धोंडा ढकलत नेतो आणि तो दर वेळी खाली घरंगळतो. इथेच गल्लत होते. पोफळ कधीतरी पीक देते. सिसिफसचा धोंडा काहीच देत नाही, आणि हे त्याला ठाऊक असतं.

वाडीवाल्याचा हिशेब सार्त्रशी जुळतो. आयुष्याला आयता अर्थ नसतो, तो माणसाने आपल्या कृतीतून घडवायचा असतो, असं मानणारा हा फ्रेंच अस्तित्ववादी. २९ ऑक्टोबर १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने निराशेचा जो अर्थ सांगितला तो रडका नव्हे: जे आपल्या हातात आहे आणि ज्या शक्यतांवर आपली कृती उभी राहते, तेवढ्यावरच विसंबायचं. जग आपल्या बाजूने झुकेल ही अपेक्षा सोडायची. काम सोडायचं नाही.

आशेवरचा हा वाद जुना आहे. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगारने १८४३ मध्ये रंगवलेला बायबलमधला अब्राहाम देवाच्या आज्ञेने मुलाचा बळी द्यायला निघतो, तरी बुद्धीला न पटणाऱ्या गोष्टीच्या बळावरच मुलगा परत मिळेल असं मानतो. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८७८ मध्ये उलट टोक गाठलं: ग्रीक कथेतल्या पँडोराच्या, संकटांनी भरलेल्या पेटीत उरलेली आशा हीच सर्वांत वाईट, कारण ती माणसाचा छळ लांबवते. कामूने १९४२ मध्ये कीर्केगारचं निदान घेतलं, की बुद्धीला अर्थ सापडत नाही, आणि श्रद्धेची उडी, म्हणजे पटत नसतानाही देवावर विसंबणं, नाकारली. (अस्तित्ववादी हे लेबलही त्याने नाकारलंच.) त्याच्या मते विसंगती एकट्या माणसात नाही, एकट्या जगातही नाही, माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, या दोहोंच्या गाठीतून ती जन्मते. म्हणून ‘जग निरर्थक आहे’ एवढ्यावर थांबणारा वाचक अर्धाच कामू वाचतो.

देवळातल्या गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे असतात आणि ऐकणाराही गृहीत असतो. कामूच्या जगात ही दुसरी जागा रिकामी आहे. त्याच १९४२ मध्ये फ्रेंच ख्रिस्ती तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल आशेवर बोलत होता: मी तुझ्या ठायी, आपल्या सर्वांसाठी आशा धरतो. गावासाठी घातलेल्या गाऱ्हाण्याला याहून जवळचा अस्तित्ववादी सापडणार नाही. आपल्याकडच्या चर्चेत मात्र तो बहुधा गळतो.

सार्त्रही शेवटी निराशेपाशीच अडला नाही. मार्च १९८० मध्ये छापून आलेल्या, त्याचा सचिव बेनी लेव्हीबरोबरच्या संवादात तो म्हणाला की आपण आशेतच मरू, पण त्या आशेला पाया द्यावा लागेल. त्याची आयुष्यभराची सोबती, लेखिका सिमोन द बोव्हारला हा संवाद मुळीच पटला नाही. १५ एप्रिलला सार्त्र गेला, आणि ते विचार त्याचे की लेव्हीने त्याच्याकडून वदवलेले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.