शिक्का कुणाचा, वाद कशाचा?

फॅक्ट-चेकवाले, म्हणजे दावे खरे की खोटे ते तपासणारे, एकांगी असतात ही तक्रार जुनी आहे. तिला धार आली ती त्यांच्या शिक्क्याला वजन आल्यावर.

सुरुवातीला हा अमेरिकेतल्या निवडणुकांपुरता मामला होता. २००३ मध्ये फॅक्टचेक डॉट ऑर्ग आली, २००७ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग टाइम्सने पॉलिटिफॅक्ट काढली. नेत्यांच्या विधानांना ती 'खरं'पासून 'पँट्स ऑन फायर' (धडधडीत खोटं) इथपर्यंत श्रेणी देऊ लागली आणि भांडणाचं मूळ रुजलं. 'सध्याचा आरोग्यविमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील', असं ओबामा आपल्या आरोग्यविमा सुधारणेच्या प्रस्तावाबद्दल सांगत. ऑक्टोबर २००८ मध्ये पॉलिटिफॅक्टने हे 'खरं' ठरवलं, पुढे 'अर्धसत्य', आणि लाखो लोकांच्या हाती पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं पडल्यावर २०१३ मध्ये 'वर्षातलं सर्वांत मोठं खोटं'. पहिली श्रेणी केवळ प्रस्तावाच्या वर्णनाला होती, हा खुलासा ठीक. पण जे अजून घडायचंय त्याला गुण द्यायचेच कशाला?

डिसेंबर २०१६ मध्ये फेसबुकने आपल्यावरच्या पोस्ट तपासायचं काम बाहेरच्या संस्थांकडे सोपवलं. 'खोटी' ठरलेली पोस्ट कमी लोकांना दिसू लागली, म्हणजे शिक्का थेट खिशाला लागला. २०१८ मध्ये फेसबुकसाठी तपासणी करणाऱ्या उजव्या वीकली स्टँडर्ड साप्ताहिकाने डाव्या थिंकप्रोग्रेस संकेतस्थळाचा, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयासाठीचे तेव्हाचे उमेदवार कॅव्हनॉ यांच्याबद्दलचा मथळा खोटा ठरवला, तेव्हा पक्षपाताची ओरड डावीकडून झाली. (ती फक्त उजवेच करतात, हा समज सोयीचा आहे.) जानेवारी २०२५ मध्ये तपासनीस पक्षपाती असल्याचं सांगत फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांनी अमेरिकेतली ही व्यवस्था गुंडाळायची घोषणा केली.

भारतात मात्र ज्याच्याबद्दल बातमी, तोच तपासनीस व्हायला निघाला. केंद्र सरकारचं प्रसिद्धी कार्यालय पीआयबी २०१९ पासून सरकारविषयीच्या मजकुरावर 'फेक'चा लाल शिक्का मारते, अनेकदा पुराव्याची एक ओळही न देता. एप्रिल २०२३ च्या आयटी नियमांनी अशा सरकारी कक्षाला कायद्याचं बळ दिलं: त्याने खोटा ठरवलेला मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मचं, इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी जबाबदार न धरलं जाण्याचं, कायदेशीर संरक्षण जाऊ शकत होतं. विनोदवीर कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठात मतभेद झाले. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. तरीही मार्चमध्ये केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २० सप्टेंबरला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि नियम बाद झाला. पीआयबी फॅक्ट चेक त्यानंतरही चालूच राहिलं, फक्त त्या नियमाचा धाक गेला.