कानाला सवय होत नसते: लँकेशायरच्या गिरण्यांमधली ओठांची भाषा

गेल्या विसर्जनाला डीजेच्या भिंतीपासून दहा फुटांवर उभ्या असलेल्या एका पोराला मी म्हटलं की बाबा जरा लांब हो, तर तो म्हणाला "काय होत नाही, सवय आहे कानाला". हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या चाळीतले एक काका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, तेही हेच म्हणायचे, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात की ते तुमच्या डोळ्यांकडे कधीच बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. तेव्हा ते विचित्र वाटायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडमधल्या बर्नलीच्या विणकर बायकांबद्दल वाचलं आणि मग काकांचं ते बघणं कळलं.

बर्नली म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचं गाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एका गावात लाखाच्या आसपास यंत्रमाग होते. त्याला लागूनच हार्ल साइक नावाचं छोटं खेडं आहे, तिथे १८९४ साली क्वीन स्ट्रीट मिल उभी राहिली, ती १९८२ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली आणि आता ते संग्रहालय आहे. त्या इंजिनाला पहिल्या महायुद्धानंतर 'पीस' म्हणजे शांतता असं नाव दिलं होतं. तीनशेच्या वर माग अजून जागेवर उभे आहेत.

यातला एक लँकेशायर माग काय करतो बघा. लाकडी दांडा आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका मारतो, धोटा सुसाट पलीकडे जातो, पेटीत आपटून थांबतो, फणी आडवा धागा ठोकून बसवते, मग पलीकडून पुन्हा फटका. हे मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा. आता तीनशे माग एकत्र चालू करा, मिनिटाला साठ हजार फटके झाले, म्हणजे सेकंदाला एक हजार. त्यात खाली दगडी फरशी आणि वर उत्तरेकडून उजेड घेणारं करवतीच्या दात्यांसारखं काचेचं छप्पर, आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. अशा शेडमधे आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आपण समोरासमोर बोलतो ते साधारण ६०. डेसिबलमधे दर १० ला तीव्रता दहापट होते, म्हणजे हा फरक "चाळीसने जास्त" असा नाहीये, तो दहा हजार पट आहे! घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्या मागावरच्या बाईला ऐकू जाणार नाही.

मग या बायकांनी ओरडणं सोडून दिलं आणि ओठांनी बोलायला लागल्या, आवाज न काढता, तोंड मोठमोठं वेडंवाकडं करून, जोडीला हातवारे. याला तिकडे 'मी-मॉ' म्हणतात. शेडच्या या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला घरची बातमी सांगायची आणि मधल्यांनी ती वाचायची असं सर्रास चालायचं, म्हणून गुपित असेल तर तोंडासमोर हात धरायचा. टॅकलर, म्हणजे माग दुरुस्त करणारा माणूस, त्याला बोलवायचं असेल तर त्याची वेगळी खूण. गिरणीबाहेरही ही सवय राहिली, बाळंतपण, बायकांची दुखणी असले विषय निघाले की गावातल्या आज्या तेवढे शब्द आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. लेस डॉसन हा मँचेस्टरचा विनोदी नट टीव्हीवर बाईचा वेष घेऊन हे अगदी हुबेहूब करायचा, तो आवाज बंद करून बोलायला लागला की उत्तरेकडच्या लोकांना आपापल्या आज्या आठवायच्या. स्कॉटलंडमधे डंडीला तागाच्या गिरण्या होत्या, बंगालचा ताग तिकडे जायचा, तिथेही बहुतेक कामगार बायकाच आणि तिथेही अशीच खुणांची बोली.

इथे लोक म्हणतात की बघा, माणूस जुळवून घेतो. बरोबर आहे, माणसाने जुळवून घेतलं, पण कानाने नाही, आणि हा फरक मला नीट सांगायचाय कारण सगळी गंमत आणि सगळं दुःख त्याच्यातच आहे.

कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, कर्णशंकू म्हणतात तिला. तिच्यात एक लांब पडदा आणि त्याच्यावर ओळीने केसपेशी, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, बस्स, डोळ्यातल्या प्रकाशपेशी कोटींमधे असतात त्या मानाने हे काहीच नाही. आवाज आला की या पडद्यावरून लाट धावते. जॉर्ज फॉन बेकेशी यांना या लाटेच्या शोधासाठी १९६१ चं नोबेल मिळालं. उंच पट्टीचा आवाज असेल तर लाट नळीच्या तोंडाशीच फुगते आणि विरते, खर्जातला असेल तर आत टोकापर्यंत जाते. म्हणजे पेटीच्या पट्ट्या मांडाव्यात तशा पट्ट्या मांडल्यात, दाराशी तीव्र स्वर आणि आत खोल मंद्र. केसपेशींमधल्या साडेतीन हजार मेंदूला निरोप पाठवतात, बाकीच्या बारा हजार बाहेरच्या ओळीतल्या पेशी चक्क आखडतात आणि लांबतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या ठेक्याने बारीक आवाज मोठा करून देतात. आपल्या शरीरातच बसवलेला ॲम्प्लिफायर आहे हा, मला यापेक्षा सुंदर यंत्र माहीत नाही.

आणि आवाजाने पहिल्यांदा हाच ॲम्प्लिफायर मरतो. दिवसभर मागावर काम करून बाहेर पडलं की कानात बोळे घातल्यासारखं वाटतं, शिट्टी वाजते, सकाळपर्यंत बरं होतं. पेशी दमलेल्या असतात, रात्रभरात सावरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि काही दिवसांनी शेडमधला आवाज पहिल्या दिवसाइतका मोठा वाटत नाही. याला आपण सवय म्हणतो. एक तर मेंदू त्या खडखडाटाकडे लक्ष द्यायचं सोडतो आणि दुसरं म्हणजे कान खरोखर कमी ऐकायला लागलेला असतो, आणि आतून हे दोन्ही अगदी सारखंच वाटतं. मेलेली केसपेशी माणसात परत येत नाही. कोंबडीत येते, माशांत येते, आपल्यात नाही.

आता ४००० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपांच्या आवाजाचं कोडं, थोडं गणित आहे पण सोडू नका. विणकरांचं ऐकणं तपासलं की नुकसान पहिल्यांदा चार हजार हर्ट्झच्या आसपास दिसतं, आलेखात खड्डाच पडतो. मागाच्या आवाजात तर सगळ्याच पट्ट्या असतात, मग हीच का? कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका बाजूला उघडी आणि दुसऱ्या बाजूला पडद्याने बंद. अशी नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या आवाजाला घुमते, म्हणजे १० सेंटीमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ३४० भागिले ०.१ म्हणजे ३४०० हर्ट्झ. ही पट्टी कानातच सगळ्यात मोठी होऊन आत पोचते. आणि आवाज खूप मोठा असला की आतल्या लाटेचा फुगवटा थोडा दाराकडे सरकतो, त्यामुळे मार बसतो तो अर्धा सप्तक वरच्या पेशींना, ३४०० गुणिले १.४ म्हणजे साधारण ४८००. म्हणून चार ते सहा हजारांमधे खड्डा. गिरणी कुठलीही असो, खड्ड्याची जागा ठरते ती आपल्या कानाच्या नळीच्या लांबीवरून.

डंडीच्या ताग विणणाऱ्या बायकांचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात फार महत्त्वाचा मानतात, त्यात बावन्न वर्षांपर्यंत माग चालवलेल्या बायका होत्या. ४००० हर्ट्झचं बहुतेक नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन गेलेलं, आणि मग ते हळूहळू खाली २००० कडे सरकत राहिलेलं. म्हणजे ज्या वर्षांत "आता सवय झाली" असं वाटतं त्याच वर्षांत सगळं घडून जातं.

आणि २००० च्या वर काय असतं? व्यंजनं. स, श, थ, फ हे सगळे सुस्कारे आणि फुत्कार वरच्या पट्टीतले. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला साप, शाप, थाप, ताप सगळं "आप" असं ऐकू येतं. आवाज येतो पण शब्द कळत नाही. काका म्हणायचे "ओरडू नको, मी बहिरा नाही, तू नीट बोलत नाहीस". त्यांच्या बाजूने ते अगदी खरं होतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पात, बात, भात, मात. ओठ चारही वेळा तंतोतंत सारखे. मग पात आणि तात म्हणा, लगेच वेगळं दिसतं. म्हणजे ओठ सांगतात की आवाज तोंडात कुठे तयार झाला, पण घशात कंप आहे का, नाकातून आला का, हे ओठांवर दिसत नाही. आणि कानाचं? बरोबर उलटं. कंप आणि नाकातला घुमारा खालच्या पट्टीत, तो शेवटपर्यंत ऐकू येतो, आणि 'कुठे' ही माहिती वरच्या पट्टीत, जी या बायकांनी गमावली. जे कानाने गेलं नेमकं तेच डोळ्यांना मिळतं! चालू मागांजवळ तर कानाची तेवढीही मदत नाही, म्हणून मी-मॉ मधे तोंड एवढं ताणायचं आणि हातवारे जोडायचे, पण घरी, शांततेत, चाळीस वर्षं ओठ वाचलेल्या बाईकडे दोन्ही अर्धे भाग असायचे.

हे फक्त विणकरांचं नाहीये. सम्बी आणि पोलॅक या दोन संशोधकांनी १९५४ साली दाखवलं की गोंगाट जितका जास्त तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा जास्त. १९७६ साली इंग्लंडमधेच हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांना असं सापडलं की कानावर "बा" पडत असेल आणि समोरचे ओठ "गा" म्हणत असतील तर बऱ्याच लोकांना चक्क "दा" ऐकू येतं. आणि १९९७ मधे मेंदूच्या स्कॅनमधे दिसलं की आवाज बंद ठेवून नुसते ओठ वाचतानाही मेंदूचा ऐकण्याचा भाग जागा होतो. बर्नलीच्या बायका त्या शेडमधे खरोखर ऐकत होत्या असं मी म्हणेन, फक्त डोळ्यांवाटे.

हे सगळं कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. ग्लासगोच्या टॉमस बार या डॉक्टरने १८८६ साली बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले, एकाचाही कान धड नव्हता. ब्रिटनमधे कामाच्या जागेवरच्या आवाजाचे सर्वसाधारण नियम आले १९८९ मधे, तोवर लँकेशायरच्या बहुतेक गिरण्या बंद होऊन गेल्या होत्या. मधल्या काळात कोणी कोणी कानात कापूस घालायचे, पण साध्या कापसाने आवाज जेमतेम थोडाच अडतो.

आणि आपल्याकडे अजून कानात गरम तेल घालतात, लसूण घालून उकळलेलं, वर आता मोबाइलवर "ऐकू येण्याची शक्ती परत आणणारे" थेंब विकतायत. कानाचा पडदा धड असेल तर त्याच्या आत थेंब पोचतच नाही, आणि पोचला तरी मेलेल्या पेशीला तो काय करणार? असल्या थेंबांवर पैसे घालवू नका, तेच पैसे कानाच्या तपासणीला आणि मशीनला वापरा. कानाला किती आवाज चालतो त्याचा साधा हिशोब लक्षात ठेवा, ८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. विणकर बाई रोज आठ-दहा तास तिथे उभी असायची.

काका २०२० मधे ब्याऐंशी वर्षांचे होते. कोविड सुरू झाला आणि सगळ्यांनी मास्क लावले, मास्कने वरची पट्टी अजून दबते आणि ओठ तर दिसतच नाहीत. वाण्याच्या दुकानात ते नुसते उभे राहायचे, काय विचारतायत तेच कळायचं नाही, आणि घरी येऊन म्हणायचे की आता एकदमच ऐकू येईना झालंय.