विषुववृत्ताजवळची काळजी

हवामानबदलाची चिंता म्हणजे श्रीमंत देशांतल्या मुलांची चैन, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांची पाहणी आली. फार काळजी वाटते म्हणणारे सगळे देश मिळून ५९ टक्के निघाले; भारतात ६८, फिलिपिन्समध्ये तर ८४. पाहणी ऑनलाइन होती, म्हणजे इंटरनेटपासून दूर असलेली मुलं तिच्यात नाहीत, हे खरं. पण ‘चैन’वाल्यांची पंचाईत झालीच.

मग ही काळजी येते कुठून? ११९ देशांतल्या प्रौढांच्या माहितीवरचा २०१५चा एक अभ्यास इथे कामी येतो. युरोप आणि लॅटिन अमेरिकेत ‘हे माणसामुळे घडतंय’ ही समज धोक्याच्या जाणिवेशी सगळ्यात घट्ट जोडलेली दिसली. आशिया-आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत मात्र ‘आमच्याकडचं तापमान बदललंय’ हा अनुभव वरचढ ठरला.

पण शरीराला हे कळावं तरी कसं? पृथ्वी दशकाला साधारण ०.२ अंशांनी तापते आहे, आणि एका दिवसात पारा सहज दहा अंश वरखाली होतो. गर्दीच्या गोंगाटात कुजबुज ऐकण्यासारखंच हे. इथे भूगोलाची गंमत आहे. समशीतोष्ण पट्ट्यात एक वर्ष दुसऱ्यापेक्षा बरंच वेगळं असतं. विषुववृत्ताजवळ वार्षिक सरासरी फारशी हलत नाही. संकेत (सावकाश वाढणारं तापमान) भागिले गोंगाट (नेहमीचा चढउतार), हे गुणोत्तर तिथे लवकर मोठं होतं. उत्तरेत तापमानवाढ जास्त असूनही ‘नेहमीच्या’ मर्यादेबाहेरचा उन्हाळा उष्ण कटिबंधात आधी येतो. विकसनशील देश बहुतांशी याच पट्ट्यातले.

तरीही पंधरा वर्षांच्या मुलीकडे तुलनेला जुना काळच नसतो. अमेरिकेतल्या ट्वीटवरून केलेल्या २०१९च्या एका अभ्यासात तर मोठी माणसंसुद्धा ‘नेहमीचं’ हवामान गेल्या दोन ते आठ वर्षांवरूनच ठरवतात असं दिसलं. त्यामुळे तिला आजीच्या आठवणी लागतात आणि शाळेतला कार्बन डायऑक्साइडचा धडाही. तो धडा नसेल तर दुष्काळ हा दैवाचा कोप ठरतो, आणि कोपावर उपाय सांगणारे बुवा तयारच असतात. उलट, प्रत्येक वादळावर हवामानबदलाचा शिक्का मारणाऱ्या वाहिन्याही काही कमी नुकसान करत नाहीत.