आधी आवाज, मग चित्र

बेळगावकरांना विद्यापीठं काही लांब नाहीत. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि ताळगावचं गोवा विद्यापीठ ही तिन्ही साधारण सव्वाशे किलोमीटरच्या परिघात येतात. भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ तर २०१० पासून घरचंच. चारही ठिकाणी मराठीचा विभाग आहे. पण लहान विभाग म्हणजे मोजकी माणसं, आणि त्यांनीच भाषाविज्ञानापासून संतसाहित्यापर्यंत सगळा गाडा ओढायचा. मोडीचा जाणकार एका गावी, बोलींचा दुसऱ्या गावी. पावसाळ्यात चोर्ला घाटातून तासापुरतं कुणी येणार नाही. मग एकाने आपल्या गावी बसून ऑनलाइन शिकवावं आणि चौघांकडच्या मुलांनी ऐकावं, हे ओघानेच आलं.

या भागाला ही कल्पना नवी नाही. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याआधी इन्सॅट-३बी वापरून जो प्राथमिक प्रयोग झाला, त्यात बेळगावात मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ होतं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही होतं. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंची विद्यापीठं तेव्हाच एका प्रयोगात होती.

उपग्रहाच्या वर्गाची एक अडचण मात्र कुठल्याही यंत्राने सुटणारी नव्हती. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायचा तर ७० हजार किलोमीटरांहून अधिक वाट, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला पाव सेकंद लागतो. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आणि सरांनी लगेच उत्तर दिलं, तरी ते त्याच्या कानी पडेपर्यंत अर्धा सेकंद गेलेला असतो. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांची मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतची सरासरी फट त्यात सेकंदाच्या पाचव्या भागाएवढीच निघाली. जपानी माणसं सगळ्यात घाईची, डॅनिश सगळ्यात निवांत, पण सगळी याच आवाक्यात. एवढ्यात उत्तर आलं नाही की विचारणाऱ्याला वाटतं, ऐकू गेलं नाही. तो पुन्हा बोलू लागतो, तेवढ्यात तिकडून उत्तर येतं, आणि दोघंही गप्प होतात. असं दोन-तीनदा झालं की मुलं प्रश्न विचारणंच सोडून देतात.

आता जमिनीखालून फायबर आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावचा आवाज सरळ कोल्हापूरला न जाता आधी बेंगळुरू, मग मुंबई असा दीड-दोन हजार किलोमीटरांचा वळसा घालून आला असं धरलं, तरी प्रवासाला काही मिलिसेकंदच पुरतात. मग उशीर होतो कुठे? बराचसा दोन्ही टोकांना.

आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात पाठवला जातो. सेकंदाला ५० पाकिटं निघतात, पण ती ठरल्या वेळेला पोचत नाहीत. वाटेत गर्दी असली की काही रेंगाळतात. म्हणून ऐकणाऱ्याकडचा संगणक आलेली पाकिटं जरा राखून ठेवतो. खानापूर स्टँडवर मागून येणाऱ्या गाडीचे प्रवासी मिळावेत म्हणून कंडक्टर बस दोन मिनिटं थांबवतो, तसंच. त्यानंतर आला तो राहिला. इंटरनेटचं जाळं जितकं बेभरवशाचं, तितकं थांबणं जास्त. एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मार्गदर्शन आहे. सगळा वर्ग एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवला तर हे गणित बसत नाही. राऊटरपासून केबल ओढली तर बऱ्याचदा बसतं.

राहिलेलं पाकीट सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढतं. स्वर लांब असतो, तिथे हे खपून जातं. ‘ट’ किंवा ‘क’चा स्फोट मात्र स्वतःच काही मिलिसेकंदांचा. पाकिटाबरोबर अख्खा वर्णच गेला, असंही होतं. शिवाय जुन्या टेलिफोनमधून जाणारा कंपनांचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचा, आणि ‘स’ची बरीचशी ताकद त्याच्या वर. म्हणून फोनवर ‘स समईचा’ असं सांगावं लागतं. ‘चार’मधला आणि ‘चाऱ्या’मधला ‘च’ वेगळा कसा, हे शिकवणाऱ्याला असला पट्टा कसा पुरावा? २०१२ साली प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही आवाज आकसवण्याची पद्धत ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा सांभाळते, आणि व्हिडिओच्या मानाने तिला फारच थोडी जागा लागते. जाळं आखडलं की कॅमेरा बंद करावा, माईक नव्हे. प्रत्यक्षात नेमकं उलटं होताना दिसतं: पैसे आधी मोठ्या पडद्यावर जातात आणि माईक लॅपटॉपचाच राहतो.

प्रतिध्वनीचा त्रास याहून मोठा. धारवाडच्या सरांचा आवाज बेळगावच्या स्पीकरमधून निघतो, तिथल्याच माईकमध्ये शिरतो आणि परत त्यांच्याच कानी येतो. स्वतःचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा ऐकू आला, की चांगला बोलका माणूसही अडखळतो. यावरचा तोडगा शोधणाऱ्यांत बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले मनमोहन सोंढी होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६०च्या दशकात त्यांनी त्यावर काम केलं. स्पीकरला कोणता आवाज दिला हे यंत्राला ठाऊक असतं. खोलीत तो घुमून माईककडे कसा येईल याचा अंदाज ते बांधतं आणि तेवढा भाग वजा करतं. कुणी दार उघडलं, दहा मुलं येऊन बसली, की अंदाज नव्याने बांधायचा. एकाच खोलीत दोन लॅपटॉप आवाजासकट जोडले, तर बिचाऱ्या यंत्राचं डोकंच चालत नाही.

खोली जितकी घुमते तितकं हे अवघड. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या, शहाबादी फरशीच्या वर्गात आवाज पटकन विरत नाही. हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात असंच होत होतं. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक मांडत घुमण्याचा काळ मोजला आणि त्यातून सूत्र काढलं: घनफळ जास्त तर घुमणं जास्त, शोषून घेणारं साहित्य जास्त तर घुमणं कमी. आपल्याकडे गाद्या कशाला हव्यात? मागच्या भिंतीवर चार-पाच जाड वाकळी, कौद्या टांगल्या तरी टाळी वाजवून फरक कळतो. महागडी यंत्रणा मागवण्याआधी हे करून बघावं.

चित्राची गोष्ट वेगळी. मोडीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून किंवा पडद्यावर दाखवून वाचायला लावणं म्हणजे मुलांचा छळ. व्हिडिओची पद्धत हलत्या दृश्यांसाठी घडवलेली असते. बोरूचा बारीक फाटा, अक्षराची पुढच्या अक्षराला जाऊन मिळणारी ओढ, ते सगळं ती पुसट करते. ए-४ कागद ४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४०० बिंदू धरून, स्कॅन केला तर सुमारे दीड कोटी बिंदू होतात. न आकसवता त्याची फाइल ४६ मेगाबाइटच्या आसपास जाते. ती अख्खी कुणाला पाठवायचीही गरज नाही. चित्राच्या छोट्या चौकोनी फरश्या पाडून ठेवतात, आणि वाचणारा जो कोपरा मोठा करील तेवढ्याच फरश्या त्याच्याकडे जातात. जगभरातली ग्रंथालयं यासाठी ‘आयआयआयएफ’ नावाची सामाईक रीत वापरू लागली आहेत. कागद एका गावी, वाचणारे चार गावी. सर फक्त बोलतात, ‘तिसरी ओळ, उजवीकडून दुसरं अक्षर’, आणि प्रत्येक जण आपल्या पडद्यावर ते मोठं करून पाहतो. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे. त्यामुळे लावलेलं वाचन मोडीतही टंकता येतं, शोधता येतं आणि दुसऱ्या विभागाला दुरुस्त करता येतं.

संशोधनालाही हाच नियम. खानापूर तालुक्यातल्या बोलींची ध्वनिमुद्रणं व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजने एकमेकांना पाठवली तर ती आकसली जातात आणि मोजमापाच्या कामाची राहत नाहीत. सेकंदाला ४८ हजार नमुने (४८ किलोहर्ट्झ), प्रत्येक १६ बिटांचा, अशी एका माईकची न आकसवलेली मूळ फाइल तासाला ३५० मेगाबाइटच्या आत बसते. तीच सामाईक साठ्यात ठेवावी. सोबत गाव, बोलणाऱ्याचं वय आणि त्याची परवानगी.

कागदोपत्री वाटही थोडी मोकळी झाली आहे. श्रेयांकांची बँक २०२१ मध्ये आली, त्यामुळे एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्याने धरणं नियमात बसतं. अडतं ते अध्यापनाच्या तासांवर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं, सहयोगी आणि प्राध्यापकांनी १४. धारवाडच्या बाईंनी बेळगाव, कोल्हापूर आणि ताळगावच्या मुलांना एकत्र घेतलेला तास त्यांच्या सोळांत धरायचा की नाही, आणि बाकीच्या तिघांनी त्या बदल्यात कोणता तास द्यायचा, हे करार करतानाच लिहून घ्यावं लागेल.