खुल्या व नैसर्गिक जमिनींचे स्थानिक जतन

शहराच्या आतली व भोवतालची राने, टेकड्या, कुरणे, पूरमैदाने आणि शेतजमिनी बांधकामाखाली जाऊ नयेत म्हणून नगरपालिका, काउंटी (अमेरिकेतील जिल्ह्यासारखा विभाग) यांसारख्या स्थानिक संस्था करतात ते काम.

सर्वांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे विकास आराखड्यात आरक्षण टाकणे. पण एका सभागृहाने टाकलेले आरक्षण पुढचे सभागृह उठवू शकते. म्हणून जमीन विकत घेणे महाग असले तरी तेच अधिक भरवशाचे. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनकडे एपिंगचे जंगल 1878 च्या कायद्याने आले, ते कुंपणाविना व बांधकामाविना लोकांसाठी खुले ठेवण्याच्या बंधनासह. व्हिएन्नाच्या नगरसभेने 1905 मध्ये शहराभोवतीचा वनांचा व कुरणांचा पट्टा राखण्याचा ठराव केला.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहराचे उदाहरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे. तिथल्या नागरिकांनी 1959 मध्ये डोंगरउतारावर 5,750 फुटांची रेषा ठरवली. तिच्या वर पालिकेचे पाणी द्यायचे नाही, म्हणजे वस्तीही चढणार नाही. एवढ्याने भागेना, तेव्हा 1967 मध्ये जमीनखरेदीसाठी त्यांनी मतदानाने स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. आज शहराने राखलेली जमीन 45,000 एकरांहून अधिक आहे.

संपूर्ण मालकी न घेताही काम साधते. मालक जमीन कसत राहतो, फक्त तिच्यावर बांधण्याचा हक्क विकतो किंवा देऊन टाकतो. तो बोजा पुढच्या खरेदीदारावरही राहतो. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने 1980 मध्ये सुमारे 93,000 एकरांचे शेतीक्षेत्र राखले. तिथे 25 एकरांमागे एकच घर बांधता येते. उरलेले विकास हक्क शेतकरी दाट वस्तीच्या भागातील बांधकाम व्यावसायिकांना विकू शकतात. भरपाईचा भार करदात्यांऐवजी बाजारावर पडतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. न्यूयॉर्क शहराने तर 1997 च्या करारानंतर दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतील पाणलोटाच्या जमिनी घेतल्या, त्याही राजीखुशीने विकणाऱ्यांकडूनच. पाणी उगमापाशीच स्वच्छ राहिल्याने अवाढव्य गाळणी प्रकल्पाचा खर्च टळला.

जमीन अडवल्याने घरे महागतात हा आक्षेप गंभीर आहे. जतनासोबत शहराच्या आत दाट वस्तीला वाव दिला नाही, तर वस्ती पट्टा ओलांडून पलीकडे पसरते.

खरेदीनंतरचा खर्च बहुधा कमी धरला जातो. वणवे, उपऱ्या वनस्पती आणि खुद्द फिरायला येणाऱ्यांची गर्दी, सगळ्यांसाठी माणसे व पैसा लागतो. बोल्डरमध्ये शिकारी पक्ष्यांच्या विणीच्या काळात कड्यांकडच्या काही वाटा दरवर्षी बंद ठेवतात.