अनुभवी पाहुणे आणि एफसी गोवाचं नेतृत्व

मोसमाआधी एफसी गोवा या फुटबॉल क्लबने तिशी-पस्तिशीतला एखादा नावाजलेला खेळाडू घेतला, की मडगावपासून म्हापशापर्यंत एकच चर्चा रंगते: हा आपल्या पोरांना सांभाळून नेईल का? या प्रश्नामागे जेमतेम दशकभराचा इतिहास आहे. त्याआधी गोव्यातल्या संघांचं नेतृत्व घरातच तयार व्हायचं.

ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. साळगावकर क्लबचा हा गोलरक्षक १९८३-८४ च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, गोव्याचा कर्णधार होता. त्या स्पर्धेत गोव्याने एकही गोल स्वीकारला नाही आणि करंडक जिंकला. पुढे गोव्याच्याच धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या त्या संघाचा कणा होता समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा यांचा, आणि ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळत होती. परदेशी खेळाडूही मुक्कामाला आल्यासारखे राहत. रँटी मार्टिन्स २००४ मध्ये धेंपोत आला तो २०१२ पर्यंत राहिला. अशा संघात नेता कोण, हे कुणाला विचारावं लागत नसे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि सगळंच बदललं. प्रत्येक संघात एक ‘मार्की’, म्हणजे जगभर नावाजलेला, खेळाडू हवा असा नियम होता, म्हणून देल पिएरो, त्रेझेगे, युंगबर्ग भारतात आले आणि गोव्याच्या वाट्याला रॉबर्ट पिरेस आला. फ्रान्सच्या १९९८ च्या जगज्जेत्या संघातला हा खेळाडू त्याच मोसमात ४१ वर्षांचा झाला. त्याआधीची सुमारे तीन वर्षं तो कुठल्याच क्लबकडून खेळला नव्हता. पण मला त्याच्या वयापेक्षा वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. तो पहिला मोसम १२ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला. दहा आठवड्यांत नवख्या माणसाने सहकाऱ्यांची नावं आणि सवयी शिकायच्या, की त्यांचं नेतृत्व करायचं? गोवा उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथे कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. त्या मोसमातून लोकांच्या मनात ठसला तो रोमिओ फर्नांडिस, घरचाच मुलगा.

लुसियोचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. २००२ चा विश्वविजेता, २०१० च्या विश्वचषकात ब्राझीलचा कर्णधार, आणि गोव्यात आला तेव्हा ३७ वर्षांचा. मध्य बचावपटूला अख्खं मैदान समोर दिसतं, त्यामुळे पळण्यात कमी पडलं तरी तो बोलून संघ चालवू शकतो. प्रशिक्षक झिकोच्या मार्गदर्शनाखाली २०१५ मध्ये गोव्याने साखळीत अव्वल स्थान मिळवलं. मडगावच्या फातोर्डा मैदानावरच्या अंतिम सामन्यात ८७व्या मिनिटाला गोवा २-१ ने पुढे होता. मग शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल झाले आणि चेन्नईयिन ३-२ ने जिंकला. एवढा अनुभव मागे उभा असताना आघाडी निसटली, हे गोवेकरांना अजून टोचतं. पुढच्या वर्षी लुसियो पुन्हा आला, आणि गोवा आठ संघांत शेवटचा ठरला. म्हणजे नुसता दुसरा मोसम मिळूनही भागत नाही. भोवतालचा संघ विस्कटला असेल, तर एकटा ज्येष्ठ माणूस तो बांधून ठेवू शकत नाही.

२०१७ मध्ये लीगचा काळ लांबून चार महिन्यांचा झाला आणि सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी फेरान कोरोमिनास म्हणजे कोरो गोव्यात आला, वय ३४. पिरेस किंवा लुसियोसारखं वलय त्याच्याभोवती नव्हतं. त्याने पहिल्या मोसमात १८ गोल केले, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. मला सगळ्यांत बोलकी वाटते ती कर्णधारपदाची गोष्ट. २०१८-१९ मध्ये ते कोरोकडे नव्हतं, मंदार राव देसाईकडे होतं. म्हापशात जन्मलेला, धेंपोतून आलेला हा मुलगा २०१४ पासून एफसी गोवात होता, आणि लोबेरांनी त्याला विंगवरून डाव्या बचावात आणून बसवलं होतं. गोल करण्याची जबाबदारी ज्येष्ठ पाहुण्याची, संघ सांभाळण्याची घरच्याची, अशी ही वाटणी होती. एप्रिल २०१९ मध्ये सुपर कप आला, त्या अंतिम सामन्यातले गोव्याचे दोन्ही गोल कोरो आणि ब्रँडन फर्नांडिसचे. २०१९-२० मध्ये साखळी जिंकून एफसी गोवा आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

पुढच्या वर्षी कोरो नव्हता, मंदारही मुंबईच्या संघात गेला. ३६ वर्षांचा इगोर अँगुलो आला, १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ घेऊन गेला, आणि एकाच मोसमानंतर क्लब सोडला. कर्णधार होता एदू बेदिया, जो २०१७ पासून इथेच होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत कोलकात्याच्या मोहम्मेडन क्लबविरुद्धचा एकमेव गोल त्यानेच केला.

२०२३ मध्ये बचावपटू संदेश झिंगन आला. तो भारतीय, तिशीचा, राष्ट्रीय संघाचं नेतृत्व केलेला, त्यामुळे भाषेची आणि ओळखीची अडचण नव्हती. पण जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात दुखापत झाली आणि उरलेला मोसम त्याला बाहेर बसावं लागलं. वय वाढलेला खेळाडू घेताना क्लबला ही जोखीमही पत्करावी लागते. झिंगन मात्र सावरून संघात परतला, आणि मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० ने हरवून एफसी गोवाने पुन्हा सुपर कप जिंकला.