−७ मोठी की −३? ऋण संख्यांच्या क्रमामागचा इतिहास

सहावीत पूर्णांक संख्या आल्या की एक चूक वर्गावर्गात दिसते. −७ आणि −३ यांत मोठी कोणती, असे विचारले की पुष्कळ मुले −७ सांगतात. चढता क्रम लिहायला दिला तर −१, −२, −५, ०, ४ असा लिहितात. या चुकीला आपण निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो, ते मला मुळीच पटत नाही. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी माणसाला आधी जमली. त्यांचा क्रम मात्र थोरामोठ्या गणितींनाही शेकडो वर्षे छळत राहिला.

इ.स. ६२८ मध्ये राजस्थानातल्या भिनमाळच्या ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सांगितले. दोन ऋणांची बेरीज ऋण. धन आणि ऋण एकत्र केले तर दोहोंतला फरक. दोन्ही सारखी असतील तर शून्य. ऋण गुणिले ऋण धन. शाळेत आज जे शिकवतो ते जवळजवळ सगळे इथे आहे. पण वजाबाकीच्या नियमात ते ‘अधिक’ आणि ‘ऊन’ (म्हणजे कमी) म्हणतात ते संख्येच्या आकारमानाला धरून. म्हणजे ऋण ७ हे ऋण ३ पेक्षा अधिक. सहावीतले मूल नेमके हेच म्हणते! हिशेबाला ते पुरतेही, कारण ७ हजारांचे कर्ज ३ हजारांच्या कर्जापेक्षा मोठेच असते.

क्रम समजायला दिशा लागते, आणि ती भास्कराचार्यांकडे सापडते. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. इ.स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चाच भाग असलेल्या ‘लीलावती’त एक त्रिकोण दिला आहे: बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून लंब टाकला तर तो पायावर पडतच नाही, बाहेर पडतो. पायाचे दोन खंड येतात १५ आणि ऋण ६. हा ऋण खंड उलट दिशेला मोजायचा, असे भास्कराचार्य स्पष्ट सांगतात. कर्जाचा इथे संबंधच नाही. एका बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे एवढाच अर्थ. पण तेच भास्कराचार्य ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचे उदाहरण सोडवताना ५० आणि ५ अशी दोन उत्तरे काढतात आणि ५ सोडून देतात. ते घेतले तर मध्ये ऋण वानर येतात, आणि लोकांना असे ऋण पटत नाही, हे त्यांचे कारण.

युरोपात गाडी आणखी अडली. < आणि > ही चिन्हे इंग्रज गणिती हॅरियटच्या १६३१ मध्ये छापलेल्या ग्रंथातून आली, पण शून्याखाली ती कशी लावायची याचा गोंधळ कायम राहिला. इंग्लंडच्याच जॉन वॉलिस या गणितीने १६५६ मध्ये तर्क केला: भाजक लहान होत जाईल तसा भागाकार वाढतो, शून्याने भागल्यावर अनंत होतो, मग शून्याहून लहान भाजकाने भागले तर तो अनंताहून मोठा असला पाहिजे. याच वॉलिसने १६८५ मध्ये ५ यार्ड पुढे जाऊन ८ यार्ड मागे येणारा माणूस उभा केला आणि −३ ला सरळ रेषेवर जागा दिली. तरीही १८०३ मध्ये फ्रान्सचा गणिती लाझार कार्नो विचारतच होता: −३ ही २ पेक्षा लहान, तर तिचा वर्ग ९ हा २ च्या वर्गापेक्षा मोठा कसा?

म्हणून वर्गात कर्जाचे उदाहरण आधी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बेरजेला ते उत्तम, क्रमाला घातक. तापमान चांगले, पण सातारा-सांगलीच्या मुलांच्या अनुभवात शून्याखालचे तापमान नसते. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी येते, तेवढेच. सांगलीकडे त्याहून चांगले साधन आहे: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. पावसाळ्यात ती घराघरांत विचारली जाते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. या ४५ ला शून्य धरा. पाणी ४० फुटांवर असेल तर −५, ३३ फुटांवर असेल तर −१२. यांत पाणी जास्त कधी? −५ ला, हे सांगलीच्या मुलाला सांगावे लागत नाही. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे +१२ च्याही पुढे. −१२ आणि +१२ शून्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, पण एकीत गाव निवांत झोपते आणि दुसरीत घरे सोडावी लागतात. अंतर आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे मुलाला स्वतःहून दिसते. पातळीची ही उभी रेघ आडवी केली की संख्यारेषा तयार. फक्त ‘वर म्हणजे उजवीकडे’ हे एकदा पक्के करून घ्यावे.

कार्नोची शंका मात्र नदीच्या पातळीवरून सुटणार नाही. ऋण संख्येने गुणले की क्रम उलटतो: −५ ही −१२ पेक्षा मोठी, पण दोन्हींना −१ ने गुणले की ५ ही १२ पेक्षा लहान. वर्ग केल्यावर क्रम टिकतो तो शून्य आणि त्यावरच्या संख्यांपुरताच. पूर्णांकांचा गुणाकार सातवीत येतो; ही शंका तेव्हा मुलांपुढे मुद्दाम टाकावी, सहावीत नको.